उतरण्याची विद्या

हान्स ड्युल्फर हे नाव मला कळायच्या बरंच आधी त्याच्या दोरानं माझी मांडी भाजली होती.

पुण्यात कंप्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ट्रेकिंगचं वेड नुकतंच लागलं होतं. लोणावळ्याजवळच्या एका कातळावर आम्हा दहा-बारा मुलांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकवायला एक सर आले होते. आम्हाला वाटलं, चकचकीत हार्नेस चढवायचा, फोटो काढायचे आणि सुर्रकन खाली. सरांनी हार्नेस पिशवीतच ठेवला. नुसता दोर आमच्या अंगाभोवती गुंडाळला आणि म्हणाले, आता मागे झुका. हार्नेस विसरलात, डिसेंडर हातातून दरीत पडला, तर घरी यायची ही एकच वाट आहे, असं त्यांचं म्हणणं. मी कड्यावर पाठ करून पाचएक मिनिटं नुसता उभा होतो. मग उतरलो, घाईनं उतरलो, आणि जीन्स असूनही मांडीवर आणि मानेजवळ लाल पट्टा उमटला तो आठवडाभर मिरवला. या प्रकाराला बॉडी रॅपलिंग म्हणतात एवढंच तेव्हा कळलं.

मधे बरीच वर्षं गेली. आता बॉथेलला राहतो. आमच्याकडून ५२२ नं मन्रोपर्यंत जायचं, पुढे हायवे २ धरायचा, की तासाभराच्या आत इंडेक्स नावाचं छोटं गाव लागतं. गावामागे ग्रॅनाइटच्या सरळसोट भिंती आहेत आणि पाऊस नसेल त्या शनिवार-रविवारी तिथे क्लाइंबर मंडळी लटकलेली दिसतात. एकदा मुलाला घेऊन गेलो होतो. वर कसे चढतात याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याचा प्रश्न वेगळा होता: खाली आल्यावर वरचा दोर कोण सोडवतं? प्रश्न इतका बरोबर होता की उत्तर देताना माझ्या लक्षात आलं, आपल्याला पद्धत माहीत आहे पण ती कुणी शोधली ते माहीत नाही. घरी येऊन शोधायला बसलो आणि ड्युल्फरपाशी पोचलो. मंडळी, हा माणूस जेमतेम २३ वर्षं जगला. त्याची गोष्ट आपल्या अंकात यावी असं मनापासून वाटलं म्हणून हा लेख.

आधी मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते ड्युल्फरच्याही आधीचं आहे. फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्यात जाँ शार्ले नावाचा एक वाटाड्या होता. पेती द्रू नावाचा सुळका त्याच्या डोक्यात बसला होता. १८७६ साली तो एकटाच त्यावर गेला, शिखर मिळालं नाही, पण उतरताना त्यानं एक युक्ती वापरली. दोर मधोमध दुमडून खडकाच्या टोकाला अडकवायचा, दोन्ही पदर खाली सोडायचे, दोन्ही धरून उतरायचं आणि खाली पोचल्यावर एक पदर ओढायचा. दोर आपोआप सुटून हातात येतो आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा वापरता येतो. १८७९ मध्ये तो दोन साथीदारांबरोबर द्रूच्या माथ्यावर पोचला. इंडेक्सला आजही मंडळी तेच करतात. फक्त खडकाच्या टोकाऐवजी कड्यात पक्की कडी बसवलेली असते.

म्हणजे दोर परत मिळवायचा प्रश्न सुटला. पण दुसरा प्रश्न तसाच होता: दोरावर वेग आवरायचा कशानं? हातानं दोर आवळून धरला तर दहा-पंधरा फुटांत तळवे सोलून निघतात. दोर एका मांडीभोवती घेऊन उतरायची पद्धत होती, पण लांब आणि लटकत्या कड्यावर ती भरवशाची नव्हती. इथे ड्युल्फर येतो.

हान्स ड्युल्फरचा जन्म २३ मे १८९२ चा, जर्मनीतल्या बार्मेनचा. हे गाव आज वुपरटाल शहरात मोडतं. कारखान्यांचा भाग, डोंगर म्हणावा असा डोंगर जवळपास नाही. १९११ साली तो शिकायला म्युनिकला आला. आधी वैद्यकशास्त्र, मग कायदा, मग तत्त्वज्ञान. आपल्याकडे असता तर दर सुट्टीत काका-मामांनी बसवून विचारलं असतं की नक्की करायचंय काय. पियानो तो उत्तम वाजवायचा. पण त्याचं खरं कॉलेज म्हणजे म्युनिकहून दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या हद्दीत उभे असलेले विल्डर कैसर नावाचे चुनखडीचे डोंगर. म्युनिकची तरुण मुलं सुट्टी मिळाली की तिकडे पळत. आपल्या पोरांनी रात्रीची शेवटची लोकल पकडून कर्जत-कसारा गाठावं तसंच.

आणि काळही कसा होता बघा. त्याच डोंगरांत तेव्हा ओटो हेर्त्सोग नावाचा एक गडी होता. म्युनिकच्या अग्निशामक दलाचे जवान कमरेला उघडझाप करणारी लोखंडी कडी लावतात, ती त्यानं पाहिली आणि कड्यावर आणली. तीच आजची कॅराबिनर. टिरोलचा वाटाड्या हान्स फीश्टल याने खडकाच्या भेगेत ठोकायची मेख डोळ्यासकट एकाच तुकड्यात घडवली. मेख, कडी आणि दोर, तिन्ही गोष्टी दोन-चार वर्षांच्या अंतरानं एकाच डोंगरात आल्या. ड्युल्फर विशीच्या आत-बाहेरचा, आणि हे सगळं एकत्र जोडून बघणारं डोकं त्याचं. आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन म्हणतात आणि त्याचं बिल वेगळं लावतात.

त्याच्या नावानं ओळखली जाते ती उतरायची पद्धत अशी. वर अडकवलेला दुहेरी दोर समोरून घ्यायचा, दोन पायांच्या मधून मागे न्यायचा, उजव्या मांडीला बाहेरून वळसा घालून पुढे आणायचा, छातीवरून तिरका नेऊन डाव्या खांद्यावर टाकायचा आणि पाठीवरून खाली सोडून उजव्या हातात धरायचा. डावा हात वरच्या दोरावर, नुसता तोल सांभाळायला. सगळा कारभार उजव्या हाताचा. तो हात पुढे आणला की दोर अंगाला आवळतो आणि माणूस थांबतो, सैल सोडला की सरकतो. जर्मनमध्ये याला ड्युल्फरची बैठक म्हणतात. अंगावर ना पट्टा ना यंत्र. माणूस स्वतःच यंत्र.

यामागचं गणित आपण कॉलेजात शिकून विसरलेलो असतो. गोल खांबाला दोर गुंडाळला की प्रत्येक वळशागणिक पकड बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. ऑयलर या गणितज्ञानं १८ व्या शतकात हे मांडलं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरा आणि दोराला ७० किलोचा माणूस टांगा. अर्ध्या वळशात आपल्याला २७ किलो तोलून धरावे लागतात, एका पूर्ण वळशात साधारण साडेदहा, दीड वळशात चार, आणि दोन वळशांत दीड किलोच्या आसपास. गोदीत खलाशी नुसता दोर खुंट्याला गुंडाळून एवढं मोठं गलबत एका हातानं धरून ठेवतो, ते याच जोरावर. ड्युल्फरनं खुंट्याच्या जागी मांडी आणि खांदा वापरला.

फक्त खुंट्याला चटका लागत नाही, आपल्याला लागतो. ७० किलोचा माणूस ३० मीटर उतरला की सुमारे २० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्यात एका कटिंग चहाचं पाणी उकळीला येईल. ते पाणी कॉलेजात माझ्या मांडीवर उकळलं होतं. आजच्या डिसेंडरमध्ये तोच चटका धातू सोसतो. फरक एवढाच.

बरं, ही बैठक फक्त उतरायला उपयोगी पडली असती तर ड्युल्फरचं नाव एवढं मोठं झालं नसतं. त्यानं केलं ते असं की दोरावर उतरण्याची विद्या चढाईत आणली. जून १९१२ मध्ये वेर्नर शारश्मिट या साथीदाराबरोबर तो फ्लाइशबँक नावाच्या शिखराच्या पूर्व भिंतीवर गेला. ही भिंत तोवर कुणाला साधली नव्हती, कारण मधे गुळगुळीत पट्टे आहेत, तिथे धरायला काहीच नाही. ड्युल्फरनं वर मेख मारली, दोराला टांगून स्वतःचा भार त्यावर टाकला आणि तिरका चालत पट्ट्यापलीकडच्या भेगेपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी टोटेनकिर्शल, म्हणजे मृतांचं छोटं चर्च, अशा भयंकर नावाच्या सुळक्याची पश्चिम भिंत त्यानं विली फॉन रेडविट्झबरोबर याच तऱ्हेनं सर केली. १९११ ते १९१४ या चार मोसमांत त्याच्या नावावर सुमारे ५० नव्या वाटा लागल्या. हाने फ्रान्झ ही त्याची मैत्रीण अनेक चढायांत त्याच्या दोराला बांधलेली असायची. बायकांनी कडे चढणं हीच त्या काळी बातमी होती. चढाई किती अवघड हे सांगायला त्यानं पाच पायऱ्यांची मोजपट्टीही वापरली. १९२० च्या दशकात विली वेल्झेनबाखनं त्यावर सहावी पायरी चढवली. आज क्लाइंबिंग जिममध्ये भिंतींवर जे आकडे लिहिलेले असतात त्यांच्या खानदानातली ही एक पणजी.

आता यात वाद आला नाही तर तो मराठी माणसाला आवडणारा विषय कसला! वाद घालणारा माणूसही तोलामोलाचा होता. पाउल प्रॉइस हा ऑस्ट्रियाचा, वनस्पतीशास्त्रात डॉक्टरेट, म्युनिकमध्येच राहणारा, ड्युल्फरपेक्षा सहा वर्षांनी मोठा. १९११ मध्ये त्यानं डोलोमाइट डोंगरातल्या कंपानीले बास्सो या सुळक्याची पूर्व भिंत एकट्यानं, दोराशिवाय चढली आणि दोराशिवायच तो सुळका उतरला. त्याच वर्षी त्यानं लेख लिहून सरळ आव्हान दिलं. त्याचं मत थोडक्यात असं: जिथून हातापायानं खाली उतरता येत नाही तिथे वर जायचा तुम्हाला अधिकार नाही. मेख आणि दोर हे संकटातलं औषध आहे, रोजचं जेवण नव्हे. दोरानं उतरायची सोय झाली की माणूस आपल्या कुवतीबाहेर जायला लागतो.

मला यात काही चूक काढता येत नाही. रायगडावरची हिरकणी आठवते ना? कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली गवळण. दोर नाही, दिवा नाही. दंतकथा असली तरी प्रॉइसची आदर्श गिर्यारोहक ती हिरकणीच. तिच्या नावाचा बुरूज आहे, पण त्या बुरुजाची दुसरी बाजू अशी की महाराजांनी ती वाट बंद करण्यासाठी तो बांधला असं सांगतात. म्हणजे त्यांनी तिचं कौतुकही केलं आणि पुन्हा कुणावर अशी वेळ येऊ नये याची तजवीजही केली.

३ ऑक्टोबर १९१३ रोजी प्रॉइस मांडलकोगेल नावाच्या डोंगराच्या उत्तर धारेवर एकटा गेला आणि पडला. वय अवघं २७. दोर होता की नव्हता, वाचला असता की नसता, यावर लोक आजही बोलतात. मला त्यात पडायचं नाही. आपल्या तत्त्वाची किंमत त्यानं स्वतः मोजली, दुसऱ्याकडून मोजून घेतली नाही, एवढं मला दिसतं.

ड्युल्फरची बाजू मात्र मला शब्दांपेक्षा त्याच्या एका माघारीत जास्त स्पष्ट दिसते. १९१४ मध्ये तो डोलोमाइटमधल्या फुर्केट्टा शिखराच्या उत्तर भिंतीवर गेला. जोडीला लुईस ट्रेन्कर, जो पुढे सिनेमानट आणि दिग्दर्शक म्हणून गाजला. भिंतीचा बराच भाग चढून दोघे एका कपारीसारख्या सज्जावर पोचले. तिथून वर कातळ कुजका आणि बाहेर झुकलेला. ड्युल्फरनं बघितलं आणि दोघे परत फिरले. त्या सज्जाला आज ड्युल्फरचं नाव आहे. म्हणजे डोंगरात त्याचं एक स्मारक तो जिथे थांबला तिथे आहे! ती भिंत ११ वर्षांनी, १९२५ मध्ये, एमिल सोलेडर आणि फ्रिट्झ वीसनर यांनी पूर्ण केली.

इथे मी बराच वेळ अडकलो. आपण सगळे सिंहगडाच्या गोष्टीवर वाढलो. तानाजी पडला, मावळे मागे पळू लागले, आणि सूर्याजीनं कड्यावरचे दोर कापून टाकल्याचं सांगून त्यांना परत फिरवलं. १६७० सालची ती रात्र. लढाईत ते बरोबरच होतं. पण लहानपणापासून आपल्या मनात बसलं ते असं की दोर कापला तो शूर आणि दोर राखला तो भित्रा. इकडे येतानाही आपल्यातल्या कितीजणांनी मनात हेच म्हटलं असेल. आता आलो आहोत, परत फिरणं नाही.

माझं पोट ज्यावर भरतं त्या कामानं मला उलटं शिकवलं. नवं सॉफ्टवेअर शनिवारी रात्री चढवतात. मी नवशिका असताना एका ठिकाणी असंच चढवलं, पहाटे तीनला सगळं कोसळलं, आणि जुन्यावर परत जायचं कसं हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. लिहून ठेवायचं काम माझं होतं. परतीची तयारी म्हणजे अपशकुन, असं काहीतरी माझ्याही डोक्यात होतं. ती रविवारची सकाळ मी विसरलेलो नाही. तेव्हापासून परतीची वाट कागदावर आल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही, आणि खरं सांगतो, त्यामुळेच जास्त धाडसी कामं घेऊ शकतो. ड्युल्फर पन्नास नव्या वाटांवर गेला कारण प्रत्येक ठिकाणाहून परत कसं यायचं हे त्याला ठाऊक होतं. प्रॉइसचा इशारा तरीही खराच आहे. परतीची सोय आहे म्हणून बेफिकीर झालो तर तो दोष दोराचा नाही, आपला.

१९१४ च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं. ड्युल्फर जर्मन सैन्यात गेला. १५ जून १९१५ रोजी फ्रान्समध्ये आरास शहराजवळ तोफगोळ्याचा तुकडा मानेत लागून तो मेला. तीनच आठवड्यांपूर्वी २३ पूर्ण झाली होती. फ्लाइशबँकला बरोबर तीन वर्षं होत होती. ज्यानं हजारो लोकांना सुखरूप खाली आणायची वाट दाखवली त्याला जिथे पाठवलं तिथून परत फिरायची मुभाच नव्हती. वाचताना मी इथे थांबलो आणि उठून पोराच्या खोलीत डोकावून आलो.

पुढची गोष्ट यंत्रांची आहे, थोडक्यात सांगतो. ड्युल्फरच्या बैठकीत तीन खोड्या होत्या. चटका लागायचा, मांडीवरचा दोर गुडघ्याकडे घसरला तर सुटून जायचा, आणि खालचा हात सुटला की संपलं. गुहांमध्ये उतरणाऱ्यांची तर वेगळीच पंचाईत. डोंगरात चढाई आधी आणि उतराई नंतर. गुहेत उलटं, आधी अंधारात उतरायचं, तेही लटकत, चिखलानं माखलेल्या ओल्या दोरावर. फ्रान्सचा एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये पादिराकच्या विवरात उतरला तो दोरशिडीनं. पुढे नायलॉनचा दोर आला आणि ताग-अंबाडीच्या दोराची भीती गेली. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये ब्रुनो ड्रेसलर आणि फेर्नां पेत्झल यांच्याकडून गुहेसाठी दोन रिळांचा डिसेंडर आला. दोर त्यात इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. त्याच दशकात, १९६६ च्या सुमारास, इथे अमेरिकेत जॉन कोल यानं रॅक काढला. एका लांब यू आकाराच्या सळईवर आडव्या दांड्या. दांड्या कमी-जास्त करून वाटेतच घर्षण बदलता येतं. १९६७ मध्ये मेक्सिकोतल्या गोलोंद्रिनास विवराचा ३०० मीटरहून जास्त खोल तळ गुहावाल्यांनी गाठला. एवढी लांब लटकती उतराई मांडी-खांद्यावर करायची कल्पनाही नको. त्यानंतर हात सुटला तर आपोआप थांबवणारी यंत्रं आली. ड्युल्फरची तिसरी खोडी अशी मिटली. तरी दोराच्या टोकाला गाठ मारायला विसरलो तर टोकावरून निसटून पडणं आजही होतंच. ती गाठ कुठलंही यंत्र मारून देत नाही.

गेल्या महिन्यात मुलानं हट्टच धरला. आमच्या घरामागे गवताचा छोटा उतार आहे, घसरला तरी कपडेच मळतील असा. वरच्या झाडाला दोर अडकवला, त्याला जाड जाकीट घातलं, कॉलर वर केली आणि सरांनी शिकवलं होतं तसा दोर त्याच्या अंगाभोवती फिरवला. पायातून, मांडीवरून, छातीवरून, खांद्यावरून. मग सांगितलं, उजवा हात सोडायचा नाही, आणि आता मागे झुक. तोही माझ्यासारखाच खूप वेळ नुसता उभा राहिला. मी घाई केली नाही. मग तो झुकला, चार पावलं उतरला, मधेच थांबून दोन्ही पायांवर नीट बसला आणि वर माझ्याकडे बघून हसला. खाली पोचल्यावर एक पदर ओढायचं मात्र मला सांगावं लागलं नाही. दोर सळसळत त्याच्या पायाशी येऊन पडला.

आपणा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. आणि कुठे डोंगरात जाणार असाल तर उतरायचं आधी ठरवा.